ऑलिव्हचा साबण आणि आपल्या बांधावरचें तेल

गेल्या कांहीं वर्षांत शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत महिला बचत गटांच्या शिबिरांतून घरीं साबण करण्याचें शिक्षण देण्याची प्रथा पडली आहे. ही गोष्ट इष्टच आहे. ज्या घरांत तेलबिया पिकतात त्या घरानें अंगाच्या साबणासाठीं सदैव दुकानाच्या पायरीशीं उभें राहावें, हें शोभणारें नाहीं. परंतु या शिबिरांतून जो साबण शिकविला जातो तो पुष्कळदां ऑलिव्हच्या तेलाचा असतो. आणि जेथें तेंही नसतें तेथें तयार साबणाच्या लाद्या विकत आणून, त्या वितळवून, रंग व सुवास घालून सांच्यांत ओततात आणि त्यासच साबण करणें म्हणतात. या दोन्ही प्रकारांविषयीं माझें मत प्रतिकूल आहे. मीं महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्ति घेतली. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु जमेस काय धरावें व खर्चीं काय टाकावें, हें पाहण्यांत आयुष्य गेलें असल्यामुळें या उद्योगाचा जमाखर्च सभासद बंधूंपुढें मांडण्याचें धाडस करतों.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. घरचा साबण अवश्य करावा. परंतु तो दूर देशींच्या झाडाच्या तेलाचा न करतां, आपल्या बांधावर ज्यांचें बीं दरसाल कुजून जातें त्या कडुनिंबाच्या व करंजाच्या तेलाचा आधार घेऊन करावा. असें केलें तरच त्यांत खरी बचत आहे. एरव्हीं तो हौसेचा प्रकार आहे. हौसेस कोणाचा विरोध नाहीं, मात्र हौसेस उद्योग म्हणूं नये.

प्रथम साबण म्हणजे काय तें पाहूं. साबण हा तेल व खार यांच्या संयोगानें होतो. हा संयोग पुरा झाला म्हणजे तेल तेल राहत नाहीं व खार खार राहत नाहीं; दोहोंचा साबण होतो आणि त्याबरोबर ग्लिसरीन सुटें होतें. एक किलो तेलामागें सुमारें १०० ग्रॅम ग्लिसरीन मिळतें. मोठ्या कारखान्यांत तें बहुधा काढून घेऊन निराळें विकतात. घरच्या साबणांत तें तसेंच राहतें व त्वचेस मऊपणा देतें. घरच्या साबणाचा मुख्य गुण तो हाच. आपल्या वाडवडिलांस ही रीत ठाऊक नसली तरी खाराची शक्ति ठाऊक होती. अंगास डाळीचें पीठ, केंसांस शिकेकाई, रेशमी व लोकरी वस्त्रांस रिठा, भांड्यांस राख आणि परिटाच्या भट्टीस खारी माती, अशी कामाची वांटणी होती. राखेच्या निवळींत पोटॅशचा खार असतो व त्याचा साबण लोण्यासारखा मऊ होतो. टणक वडी पाहिजे असेल तर कॉस्टिक सोडाच लागतो. म्हणून वेष्टनावर 'रसायनविरहित साबण' असे शब्द दिसले तर सूज्ञ वाचकानें ते हंसून सोडून द्यावे. कॉस्टिकशिवाय वडीचा साबण होत नाहीं. मात्र प्रमाण बरोबर असेल तर पक्व वडींत कॉस्टिक उरत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां ऑलिव्हविषयीं. ऑलिव्ह म्हणजे जैतून. हें भूमध्य समुद्राभोंवतालच्या देशांतील झाड आहे. सिरियांतील अलेप्पो आणि पॅलेस्टाईनमधील नाब्लुस या शहरांत त्याच्या तेलाचा साबण कित्येक शतकें होत आला आहे. अलेप्पोच्या साबणांत ऑलिव्हबरोबर लॉरेल नांवाच्या झाडाच्या फळांचें तेल घालतात. २०२४ सालीं युनेस्को या संस्थेनें या दोन्ही ठिकाणच्या साबणकलेची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत नोंद केली. फ्रान्सांतील मार्सेय शहरही या साबणासाठीं प्रसिद्ध आहे. तेथील साबणाविषयीं १६८८ सालीं राजाज्ञा निघाली. तींत ऑलिव्हशिवाय दुसरें तेल अथवा चरबी वापरण्याची मनाई होती, व उन्हाळ्याच्या महिन्यांत उष्णतेनें माल बिघडतो म्हणून कारखाने बंद ठेवण्याचा हुकूम होता. या साबणाची कीर्ति खोटी नाहीं. तो अंगास सौम्य असतो, आणि अनेक महिने वाळविला म्हणजे दगडासारखा टणक होतो.

परंतु या उदाहरणापासून बोध कोणता घ्यावयाचा? त्या लोकांनीं ऑलिव्हचें तेल घेतलें, कारण तें झाड त्यांच्या टेंकडीवर होतें. त्यांतही खाण्याजोगें उत्तम तेल बाजूस ठेवून बहुधा हलक्या प्रतीचें तेल साबणाकडे जात असे. पुढें एकोणिसाव्या शतकांत त्याच मार्सेयच्या कारखानदारांनीं भुईमूग, तीळ व खोबरें हीं बाहेरून आणून त्यांच्या तेलाचाही साबण केला, कारण तें त्यांस परवडलें. म्हणजे अनुकरण करावयाचें तें त्यांच्या तेलाचें नव्हे, त्यांच्या हिशेबाचें. आपल्या देशांत राजस्थान सरकारनें इस्रायलच्या सहकार्यानें २००८ पासून ऑलिव्हची लागवड करून पाहिली आहे. या झाडास फुलोरा येण्यासाठीं हिवाळ्यांत चांगली थंडी लागते. भीमा व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत तें शेतकऱ्याचें पीक नाहीं. तेव्हां आपल्याकडे ऑलिव्हचा साबण करणें म्हणजे परदेशचें तेल विकत घेऊन त्याचें फेंसाळ पाणी न्हाणीच्या मोरींतून सोडणें होय.

साबणाच्या खर्चांत तेल हीच प्रमुख बाब आहे. एक किलो तेलास कॉस्टिक १५० ग्रॅमच्या आंतच लागतें. एक किलो तेलापासून वाळलेला साबण सव्वा ते एक किलो तीनशें ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमच्या बारा-तेरा वड्या, इतका येतो. बाजारभाव आठवड्यागणिक बदलतात, म्हणून मी येथें रुपये लिहीत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या बाजारचा भाव घालून पाहावा. किलोभर चांगल्या ऑलिव्ह तेलाच्या किंमतीस बारानें भागावें, म्हणजे एका वडीवर नुसत्या तेलाचा बोजा किती बसतो तें दिसेल. त्यांत कॉस्टिक, सरपण अथवा गॅस आणि मजुरी मिळवावी. मग ही वडी शेजारीं विकून नफा होईल असें जें शिबिरांत सांगतात, तें कितपत खरें तें वाचकांनींच ठरवावें.

येथें एक शंका निघेल. 'ऑलिव्ह नको तर घरचें भुईमुगाचें तेल घालूं. तें तर फुकटच आहे.' ही समजूत आपल्या पुष्कळ घरांत आहे व ती हिशेबाच्या दृष्टीनें चुकीची आहे. घरचें म्हणजे फुकट नव्हे. जें तेल बाजारांत विकलें असतां पैसा येतो तें साबणांत घातलें, तर तितका पैसा साबणाच्या नांवें खर्चीं पडलाच पाहिजे. तीच गोष्ट घरच्या बायकांच्या श्रमाची. साबणाचें सर्व काम गृहिणीनें करावें आणि हिशेबांत मजुरीचें कलमच नसावें, असे जमाखर्च मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतील नफा हा वास्तविक त्या माउलीची न दिलेली मजुरी असते. शिवाय आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें. अशा स्थितींत जेवणाचें तेल मोरींत सोडण्यास उत्तेजन द्यावें काय, याचाही विचार झाला पाहिजे.

हा विचार मी नव्यानें काढला आहे असें नव्हे. १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्ध्याच्या मगनवाडींत त्याचें ठाणें झालें. तेथें जे. सी. कुमारप्पा यांच्या कारकीर्दींत हातकागद, घाणी इत्यादि उद्योगांवर प्रयोग झाले आणि झवेरभाई पटेल यांनीं सुधारलेल्या घाणीचा लौकिक झाला. पुढें १९५७ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोग आला. त्याच्या उद्योगांच्या यादींत 'अखाद्य तेल व साबण' हा उद्योग मुद्दाम जोडीनें ठेवलेला होता. खाण्याचें तेल खाण्यास व न खाण्याचें तेल साबणास, ही साधी वांटणी त्यामागें होती. ती आज आपण विसरलों आहों.

आपल्या दोन तालुक्यांत न खाण्याच्या तेलाचीं झाडें कोणतीं? पहिला कडुनिंब. तो विहिरीवर, बांधावर, देवळापुढें, गांवठाणांत सर्वत्र आहे. त्यास पाणी घालावें लागत नाहीं व खतही लागत नाहीं. दुसरा करंज, तो ओढ्याकांठीं व रस्त्याच्या कडेस आढळतो. निंबोळी ज्येष्ठ-आषाढांत पिकून पडते. निंबोळीच्या मगजांत शेंकडा ४० च्या आसपास व करंजाच्या बियांत शेंकडा ३० च्या आसपास तेल असतें. घाण्यांतून तें सर्व निघत नाहीं, तरी निघतें तें थोडकें नसतें. आणि तेल निघाल्यावर जी पेंड राहते ती तर उत्तम खत आहे. निंबोळीच्या पेंडीनें जमिनींतील नत्र सावकाश सुटतो व सूत्रकृमींस आळा बसतो. मीं हिशेब मांडून पाहिला तेव्हां माझ्या असें ध्यानांत आलें कीं, या उद्योगांत शेतकऱ्यानें साबणाकडे जितकें पाहावें तितकेंच पेंडीकडेही पाहिलें पाहिजे. साबण घरांत जिरतो, पेंड शेतांत जिरते, आणि बियांचा भाव मात्र खर्चीं पडत नाहीं, कारण त्या एरव्हीं कुजणारच होत्या. फक्त वेंचण्याची मजुरी धरावी लागते.

यासंबंधीं आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१५ पासून देशांत तयार होणाऱ्या सर्व युरियास कडुनिंबाच्या तेलाचें लेपण सक्तीचें झालें. म्हणजे ज्या झाडाची निंबोळी आपण पायाखालीं तुडवितों, त्याच झाडाचें तेल कारखान्यांतून युरियाच्या दाण्यावर चढून आपल्या दारीं येतें. बाजारास ज्या वस्तूची किंमत कळली ती आपणांस कळूं नये, हें योग्य नाहीं.

मात्र नुसत्या निंबोळीच्या तेलाचा साबण अंगास करूं नये. त्याचा वास उग्र असतो व रंग काळसर येतो. निरनिराळ्या तेलांचे गुण ओळखून मिश्रण करावें लागतें. भुईमुगाचें तेल गुणानें ऑलिव्हच्या बरेंच जवळ आहे. तें साबणास सौम्यपणा देतें. करडई आपल्या भागाचें जुनें पीक. ज्वारीच्या रानांत तिच्या ओळी व कडेनें तिचें कांटेरी कुंपण पूर्वीं सर्वत्र असे. परंतु नेहमींच्या करडईचें तेल लवकर खवट होतें व त्याच्या वडीस कांहीं महिन्यांत पिवळे-तांबडे डाग पडतात, म्हणून तें थोडेंच घालावें. खोबरेल वडीस टणकपणा व पुष्कळ फेंस देतें, परंतु तें एक तृतीयांशाहून अधिक झालें तर त्वचा कोरडी पडते. एरंडेल थोडेंसें घातलें कीं फेंस टिकतो. एक किलो मिश्रणाचें माप असें धरावें: भुईमुगाचें तेल ४५० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, कडुनिंबाचें अथवा करंजाचें तेल २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४२ ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम. सवय झाल्यावर आणि घरच्यांस वास मानवल्यास भुईमुगाचा भाग कमी करून करंजाचा वाढवावा. मात्र तेल बदललें कीं कॉस्टिक पुन्हां मोजलेंच पाहिजे. एक किलो तेलास पुरतें लागणारें कॉस्टिक सुमारें असें असतें: ऑलिव्ह १३५ ग्रॅम, भुईमूग व करडई १३६, कडुनिंब १३८, करंज १३१, एरंड १२८, आणि खोबरेल १८३. मिश्रणाची बेरीज करून तींतून शेंकडा ५ वजा करावे, म्हणजे थोडें तेल शिल्लक राहतें व कॉस्टिक उरत नाहीं. वरील १४२ हा आंकडा याच रीतीनें काढलेला आहे. सर्व वस्तु वजनानेंच घ्याव्या. पेला, वाटी, चमचा हीं मापें या कामीं निरुपयोगी आहेत.

कृति सोपी आहे, परंतु कॉस्टिक हें सोपें नाहीं. धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा यांहून ही वस्तु अगदीं भिन्न असून ती कातडें व डोळा जाळते. जाड पातेलें स्टेनलेस स्टीलचें घ्यावें. जर्मलचें म्हणजे ॲल्युमिनियमचें भांडें कधींही घेऊं नये. कॉस्टिक त्यास खातें व त्यांतून पेट घेणारा वायु निघतो. तांब्यापितळेचीं व कल्हईचीं भांडींही वर्ज्य होत. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा असावा. उघड्या ओसरींत, मुलेंबाळें व जनावरें दूर ठेवून काम करावें. नेहमीं पाण्यांत कॉस्टिक थोडें थोडें सोडावें. कॉस्टिकवर पाणी ओतूं नये, कारण तें उसळून अंगावर येतें. पाणी शक्य तर पावसाचें साठविलेलें घ्यावें. द्रावण आपोआप फार तापतें. तें व तेल दोन्ही कोमट झालीं म्हणजे द्रावण तेलांत बारीक धारेनें घालावें व लांकडी उलथन्यानें ढवळीत राहावें. मिश्रण कढीहून दाट झालें आणि उलथन्यावरून पडलेल्या थेंबाची रेघ वर कांहीं वेळ राहूं लागली, म्हणजे तें सांच्यांत ओतावें. चोवीस तास झांकून ठेवावें, मग वड्या कापाव्या आणि हवेशीर फळीवर चार ते सहा आठवडे वाळूं द्याव्या. पावसाळ्यांत अधिक दिवस लागतात.

अंगावर द्रावण उडालें तर तात्काळ पुष्कळ पाण्यानें धुवावें. लिंबू वा व्हिनेगर चोळीत बसूं नये. डोळ्यांत गेलें तर वाहत्या पाण्याखालीं डोळा बराच वेळ धरून मग डॉक्टरकडे जावें. कोणाच्या पोटांत गेलें तर ओकारी काढण्याचा प्रयत्न न करतां लगेच दवाखाना गांठावा. ज्या घरांत रांगतें मूल आहे व कुलपाची जागा नाहीं त्या घरानें हें काम करूंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे. वडी वापरण्यापूर्वीं परीक्षा करावी. कित्येक जण ती हळदीनें करतात. ती व्यर्थ आहे. चांगल्या साबणानेंही हळद तांबडी होते, हें पंगतींत धोतरावर सांडलेल्या वरणाचा डाग धुतांना सर्वांनीं पाहिलेंच आहे. ओलें बोट वाळलेल्या वडीस लावून जिभेच्या शेंड्यास लावावें. चटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे असें समजून ती वडी अंगास लावूं नये.

या साबणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. आपल्या भागांतील पुष्कळ विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी जड आहे. त्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशीं मिळून चिकट दह्यासारखा साका होतो, फेंस येत नाहीं व कपड्यांवर करडी झांक बसते. धुण्याच्या भुकटीनें साबणास मागें टाकलें त्याचें एक कारण हेंच होय. आपल्या देशांत 'सर्फ' १९५९ सालीं आली. १९६९ सालीं अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनीं 'निरमा' काढली आणि ती खेडोपाडीं पोंचली. जड पाण्यांत तिला साका बाधत नाहीं. तेव्हां घरच्या साबणानें सर्व धुणें भागेल अशी आशा धरूं नये. तो अंगास व हातांस ठेवावा. पावसाच्या पाण्यांत कपड्यांसही चालेल. शेतींत त्याचा आणखी एक उपयोग आहे. निंबोळी अर्क फवारतांना तो पानांवर पसरावा म्हणून १०० लिटर अर्कास सुमारें २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालतात. तेथें घरच्या वड्यांचे कापलेले कांठ व तुकडे उपयोगीं पडतात. साबणांत सोडियम असतो आणि कालव्याखालच्या जमिनींस चोपणाचा उपद्रव आपणांस ठाऊक आहे. म्हणून न्हाणीचें पाणी भाजीच्या वाफ्यांत न सोडतां केळी-अळूकडे सोडण्याची जुनी चाल चांगली.

विक्रीविषयीं दोन शब्द. घरच्यापुरता साबण करण्यास कोणाची आडकाठी नाहीं. परंतु विकावयाचा असेल तर औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायदा १९४० व त्याखालील सौंदर्यप्रसाधन नियम २०२० यांप्रमाणें परवाना लागतो. जत्रेंत टेबल मांडण्यापूर्वीं ही गोष्ट बचत गटांच्या भगिनींस शिबिरांतच सांगितली गेली पाहिजे. भांडवल गुंतल्यावर सांगून उपयोग नाहीं. तसेंच तुलना करावयाची ती सारख्या मालाशीं करावी. बाजारी अंगसाबणाच्या तीन प्रती ठरलेल्या आहेत: पहिलींत स्निग्धाम्लांचें प्रमाण शेंकडा ७६, दुसरींत ७० व तिसरींत ६० तरी असावें लागतें, आणि हा आंकडा वेष्टनावर छापलेला असतो. वरील मापाची वाळलेली वडी हिशेबानें शेंकडा ७४ च्या आसपास येते व ग्लिसरीन तींत निराळें असतें. म्हणून तिची किंमत पहिल्या-दुसऱ्या प्रतीच्या वडीशीं ताडून पाहावी. सर्वांत स्वस्त वडीशीं ताडली तर घरचा साबण महाग दिसेल आणि ऑलिव्हच्या शौकाच्या वडीशीं ताडली तर फुकट दिसेल. दोन्ही हिशेब खोटे.

'एवढा खटाटोप करण्यापेक्षां दुकानची वडी बरी', असें कित्येक सभासद म्हणतील. ज्यास सर्वच तेल विकत घ्यावें लागतें त्याचें म्हणणें मला मान्य आहे. त्यानें करूं नये. परंतु ज्याच्या बांधावर चार-सहा जुने कडुनिंब आहेत, त्याच्या बाबतींत प्रश्न वडीपुरता नाहीं. ज्या झाडाचें उत्पन्न वहींत येत नाहीं तें झाड सावलीनें पीक मारतें म्हणून तोडलें जातें. पुढें तीच सावली, तेंच खत व तेंच औषध आपण पैसे देऊन शोधीत फिरतों. झाडाच्या नांवें वर्षाकांठीं कांहीं जमा पडूं लागली, म्हणजे त्यावर कुऱ्हाड घालतांना मनुष्य दोनदां विचार करतो. हें माझ्या लेखाचें खरें कारण आहे.

हें काम एकट्या-दुकट्यानें होण्यासारखें नाहीं, कारण घाण्याची अडचण मोठी आहे. खाद्यतेलाच्या घाण्यांत निंबोळी घातली तर तिचा कडूपणा व वास पुढच्या तेलास लागतो, म्हणून घाणेवाले ती घेत नाहींत, व त्यांचें बरोबरच आहे. तेव्हां आपल्या मंडळानें पुढील गोष्टी कराव्या अशी माझी सूचना आहे. चार-पांच गांवांमिळून अखाद्य बियांसाठीं एक स्वतंत्र लहान घाणा असावा. उदाहरणार्थ, न्हावरें अथवा पाटस येथें. कॉस्टिक मंडळानें एकदम आणून कुलपांत ठेवावें व वजन करून, नांव लिहून, कृति समजलेल्या मनुष्यासच द्यावें. ग्रॅमचा एक चांगला कांटा प्रत्येक गटास द्यावा. आणि शिबिर घेणाऱ्यांस सांगावें कीं, प्रथम त्या गांवच्या बांधावर काय पडतें तें पाहा, मग कोणत्या तेलाचा साबण शिकवावयाचा तें ठरवा.

शिक्षणाची सोय आपल्या शिरूर तालुक्यांत नाहीं असेंही नव्हे. पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. हे गृहस्थ त्यापूर्वीं मुंबईस हिंदुस्थान लीव्हर या साबणाच्याच मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागांत होते; ती नोकरी सोडून ते कोरडवाहू गांवांत येऊन राहिले आणि मुलांनीं हातानें काम करीत शास्त्र शिकावें, ही पद्धति त्यांनीं तेथें घालून दिली. २००३ सालीं ते वारले. आश्रमाचें कार्य चालू आहे. वजन, माप, खार, तेल व हिशेब हें सर्व एका साबणाच्या वडींत येतें. आपल्या शाळांतील वरच्या वर्गांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं हा धडा अशाच रीतीनें घेतला तर पुस्तकी रसायनशास्त्रापेक्षां तो अधिक दिवस ध्यानांत राहील.

प्रारंभ मात्र वहीपासून करावा. येत्या ज्येष्ठांत प्रत्येक सभासदानें आपल्या एका कडुनिंबाखालची निंबोळी पहिल्या मोठ्या पावसापूर्वीं वेंचवावी. भिजली तर तिला बुरशी येते. गर धुऊन, सावलींत वाळवून तिचें वजन करावें, व वेंचणाऱ्यास दिलेली मजुरी समोर लिहावी. तेवढे दोन आंकडे श्रावणांत मंडळाकडे आले म्हणजे घाणा परवडेल कीं नाहीं तें कागदावर ठरेल, आणि साबण करावा कीं करूं नये याविषयीं माझ्यासारख्याच्या मताची गरज उरणार नाहीं.